उणे एक

"पाचशे एक्केचाळीस," कोठावदे सरांनी आकडा मोठ्याने वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. "किती पैकी हो, बोरसे?"

"नऊशे, सर," आमचा एजंट बोरसे खुर्चीत चुळबुळत म्हणाला.

"म्हणजे साठ टक्के झाले," मी म्हणाले. "फर्स्ट क्लास आहे की."

"मॅडम, ही शाळा नाही."

हे वाक्य कोठावदे सरांच्या तोंडी फारच शोभून दिसलं. शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी म्हणून त्यांचा उभा जन्म दुसऱ्यांच्या शाळा तपासण्यात गेला होता. मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसायचं, पुढ्यातले काजू संपवायचे आणि जाताना शेरेबुकात 'प्रगतीस वाव आहे' असं लिहायचं. मी स्वतः अनुदानित शाळेतली शिक्षिका, असले अधिकारी मी ढीगभर पाहिले होते. निवृत्तीनंतर तपासायला शाळा उरल्या नाहीत, तेव्हा सर नाशिकच्या इंदिरानगरातल्या 'अलकनंदा' सोसायटीचे चेअरमन झाले आणि भाडेकरू तपासायला लागले.

ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. सोसायटीचं ऑफिस म्हणजे वॉचमनची जुनी खोली. तिथे एका टेबलामागे कोठावदे सर, त्यांच्या बाजूला मिनिट्स लिहायला सेक्रेटरी अमृतकर वहिनी, आणि समोर आम्ही तिघं: मी, माझे वडील नाना आणि बोरसे. मुलगी दाखवायला आणावी तसं मला बसवलेलं होतं. फरक इतकाच, की इथे पेढ्यांचा पुडा आम्हीच आणला होता आणि तो आल्याआल्या वहिनींनी ड्रॉवरमध्ये टाकला होता.

"तुमच्या माहितीसाठी सांगतो," सर म्हणाले. "मागे एक भाडेकरू इथून जाताना ओनरचा गीझर काढून घेऊन गेला. तेव्हा वार्षिक सभेत ठराव केला. सिबिलचा कर्जफेडीचा स्कोअर सातशेच्या खाली असेल त्याला प्रवेश नाही. सर्वानुमते मंजूर."

ठराव सर्वानुमते मंजूर होणारच. भाडेकरूंना मत नसतं. त्या चोवीस सभासदांपैकी किती जणांना स्वतःला सातशे जमले असते, हे कोणी विचारलं नव्हतं. गीझर चोरणाऱ्याचं सिबिल किती होतं, हेही कोणी पाहिलं नव्हतं.

"आणि ही तीन कर्जं," सरांनी बोट रिपोर्टवरून खाली खाली नेलं. "इथे लाल, इथे लाल, इथे तर काय विचारूच नका. कशासाठी काढली होती एवढी?"

मी नानांकडे पाहिलं. नाना भिंतीवरच्या पाण्याच्या वेळापत्रकाकडे पाहत होते.

"धंद्यासाठी," मी म्हणाले.

"शिक्षिका आणि धंदा?" अमृतकर वहिनींचं पेन थांबलं. "कसला हो?"

"एक सोलर हीटरच्या एजन्सीचं. एक पाण्याच्या बाटल्यांचं. तिसरं पहिल्या दोघांचे हप्ते भरायला."

"अरेरे," सर म्हणाले, आणि ते 'अरेरे' इतकं चवीने म्हणाले की मला समोरचं टेबल त्यांच्या अंगावर उलटावंसं वाटलं.

पण मी उलटलं नाही. घर मला हवं होतं, आणि हवं होतं म्हणजे त्यावाचून गत्यंतर नव्हतं. आम्ही तेव्हा द्वारका भागात एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, लिफ्ट नव्हती. आईला अर्धांगवायूचा झटका आला त्याला चौदा महिने झाले होते. डावी बाजू गेली होती. बोलणं थोडं जड झालं होतं, डोकं लख्ख होतं. त्या चौदा महिन्यांत ती चार वेळा खाली उतरली होती, चारही वेळा दवाखान्यात जायला, प्लॅस्टिकच्या खुर्चीला ओढणीने बांधून आणि खुर्ची चौघांनी धरून. शेवटच्या वेळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एकाचा हात सुटला. आई पडली नाही, पण त्यानंतर ती म्हणाली, "आता मला खाली नेऊ नका. काय व्हायचं ते इथेच होऊ दे."

तेव्हापासून मी तळमजल्याचं घर शोधत होते. शोधून पाहा कधी. आजकाल इमारतीखाली गाड्या राहतात, माणसं पहिल्या मजल्यापासून पुढे. अलकनंदा जुनी, म्हणून तिथे तळमजल्याला दोन फ्लॅट होते, त्यातला एक रिकामा झाला होता. मागच्या दाराला एकही पायरी नव्हती. ओनर कर्डिले नागपूरला होते. ते भले गृहस्थ होते, त्यांनी रविवारपर्यंत घर माझ्यासाठी धरून ठेवलं होतं. रविवारनंतर ते एका कुरिअरवाल्याला गोडाऊन म्हणून जाणार होतं. आईची चाकांची खुर्ची आत जाते की खोक्यांचे ढीग, हे आता टेबलामागच्या या दोघांच्या हातात होतं.

"सर," बोरसे म्हणाला, "ताईंची नोकरी पर्मनंट आहे. डिपॉझिट एकरकमी देतायत. घरात पेशंट आहे. काहीतरी मार्ग काढा ना."

"नियम म्हणजे नियम. आज यांना सूट दिली की उद्या कोणीही येईल."

"मग असं करू का?" बोरसेने नानांकडे पाहिलं. "बाबांच्या नावावर करू अॅग्रीमेंट. बाबा, पॅन कार्ड आहे का जवळ?"

नानांच्या पाकिटात सगळी कार्डं असत. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास, आणि सत्तराव्या वर्षीही केस काळे. कोणत्याही ऑफिसात गेले की शिपाई उठून उभा राहायचा, साहेब समजून. नानांनी कार्ड काढून दिलं, मोबाईलवर आलेला नंबर सांगितला, आणि बोरसेने रिपोर्ट सरांसमोर धरला.

सरांचा चेहरा आक्रसला.

"उणे एक?" ते ओरडलेच. "अहो, मुलीचे निदान पाचशे तरी आहेत! यांचे तर शून्याच्याही खाली!"

"तसं नाही, सर. उणे एक म्हणजे हिस्टरीच नाही. बाबांनी आयुष्यात कधी कर्जच काढलेलं नाही. कार्ड नाही, हप्ता नाही, काही नाही. कोरी पाटी."

कोठावदे सरांनी रिपोर्ट दोन्ही हातांनी धरला, पुन्हा पाहिला, आणि मग ते चक्क उठून उभे राहिले. टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी नानांचा हात हातात घेतला.

"सत्तर वर्षं! सत्तर वर्षांत एका पैशाचं कर्ज नाही! वहिनी, लिहा. लिहून ठेवा हे. अहो, माझ्या स्वतःच्या जावयाला मी हे सांगून दमलो."

"चालायचंच," नाना म्हणाले आणि त्यांनी मान किंचित झुकवली. "आमचे वडील सांगायचे, कोणाचं देणं ठेवू नये. तेवढं पाळत आलो."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. सोलरची एजन्सी नानांची होती. पाण्याच्या बाटल्या नानांच्या होत्या. त्या बाटल्यांवर स्वतःचं नाव छापून घेणारे नानाच होते. फक्त कागदांवर नाव माझं होतं, कारण शाळेची पगारपावती माझी होती. माझ्याआधी सायकलच्या दुकानासाठी काकाचं नाव होतं, आणि त्यात काका बुडाला तो परत आमच्या घरी आला नाही. नाना कधीच कुठे सही करत नसत. म्हणून ते कोरे होते. ज्याच्या हाताला शाई लागली नाही तो स्वच्छ, एवढी साधी परीक्षा होती त्या खोलीत, आणि नाना तिच्यात पहिले आले होते.

"मॅडम," सर माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज आता मवाळ झाला होता, नापास मुलीशी बोलताना होतो तसा. "घरात एवढं उदाहरण असताना तुम्ही असं का केलंत? वडिलांकडून काहीतरी शिकायचं."

"तिला सांगतच असतो मी," नाना म्हणाले. "पण आजकालची पिढी. ऐकत नाही."

हे ते म्हणाले. माझ्या शेजारी बसून, माझ्या ओढणीला त्यांचा हात लागत असताना म्हणाले. मला वाटलं होतं, निदान गप्प बसतील.

मी तोंड उघडलं. माझ्याकडे सगळं तयार होतं, तारखांसकट. पण मी बोलले असते तर कोठावदे सरांनी तेही वहिनींना लिहून घ्यायला सांगितलं असतं, कोरी पाटी पुसली गेली असती, आणि रविवारनंतर खोकी आत आली असती. मागच्या दाराला पायरी नव्हती. मी तोंड मिटलं.

"हो सर," मी म्हणाले. "शिकेन."

"शाब्बास," कोठावदे सर म्हणाले. वहिनींनी ड्रॉवरमधला पुडा काढला आणि आमचेच पेढे आम्हाला दिले.

शनिवारी दुपारी बोरसे आमच्या घरी आला. आता ते कचेरीत जाऊन रांगेत उभं राहणं राहिलेलं नाही. एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, फोटो काढतो, अंगठा घेतो, झालं रजिस्ट्रेशन. कर्डिल्यांचा अंगठा त्याचा नागपूरचा माणूस संध्याकाळी घेणार होता. आतल्या खोलीत आई कॉटवर उशांना टेकून बसली होती, मधलं दार उघडं होतं.

"बाबा, या इकडे. अंगठा ठेवा इथे."

"थांबा," नाना म्हणाले. "जरा वाचू तर द्या."

त्यांनी चष्मा पुसला, लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि वाचायला सुरुवात केली. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिले. माझ्या पुढ्यात सरकवलेला एकही कागद नानांनी मला कधी वाचू दिला नव्हता. 'बँकेचं छापील असतं गं, सगळ्यांचं सारखंच, तू फक्त खुणा केल्या आहेत तिथे कर.' आणि आता ते कलम अन् कलम बोट ठेवून वाचत होते.

"हे काय लिहिलंय? भाडं थकल्यास भाडेकरू जबाबदार?"

"तसंच असतं बाबा."

"आणि घराचं नुकसान झालं तर भरपाई? म्हणजे नळ गळला तरी माझ्याकडे येणार? कर्डिले कोर्टात गेला तर नोटीस माझ्या नावे?"

"अहो, नाही जात कोणी कोर्टात. स्टँडर्ड फॉरमॅट आहे."

"स्टँडर्ड असला म्हणून काय झालं?" नाना मागे सरकले. "शलू, हे तुझ्या नावावर नाही का होणार?"

"नाही, नाना. परवा तुमच्यासमोरच ठरलं."

"मग त्या कोठावद्यांशी बोल ना परत. पेढे नको, काजूकतली ने. या वयात कशाला मला अडकवता? मी आज आहे, उद्या नाही."

"भाडं मी भरणार आहे. माझ्या पगारातून. दर महिन्याच्या एक तारखेला."

"ते तू म्हणतेस. उद्या तुझं काही झालं तर?"

बोरसेने लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. मी ट्रे खाली ठेवला.

"नाना," मी म्हणाले, "आईला खाली उतरता येईल. एवढंच आहे यात. तुम्ही एक अंगठा ठेवायचा आहे."

"मी कुठे नाही म्हणतोय? मी फक्त विचार करतोय. विचार न करता सह्या करण्याचं काय होतं ते तूच पाहिलंयस." ते उठले, आरशात पाहून त्यांनी केसांवरून हात फिरवला. "मी जरा चौकातून येतो. डोकं शांत होऊ दे."

आणि ते गेले. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली उतरत गेला. ते किती सहज उतरायचे!

बोरसेने घड्याळ पाहिलं. "ताई, आज नाही झालं तर कर्डिले साहेब उद्या..."

"माहीत आहे."

"शलू," आतून आईचा आवाज आला. "मला उठव."

मला वाटलं तिला बाथरूमला जायचं असेल. मी आत गेले, तिला धरून खुर्चीत बसवलं. ती म्हणाली, "बाहेर ने. त्या माणसापाशी."

मी खुर्ची बाहेर आणली. आईने पदर सारखा केला. "माझ्या नावावर होईल का हो?"

बोरसे माझ्याकडे पाहायला लागला. मी म्हणाले, "अगं आई, सोसायटीला रिपोर्ट लागतो. तुझा कुठला रिपोर्ट?"

"काढून बघा की."

आईचं पॅन कार्ड होतं, पोस्टातल्या ठेवीसाठी काढलेलं, आणि त्याला माझाच मोबाईल जोडलेला होता. बोरसेने नंबर टाकला. माझी खात्री होती की काहीतरी निघणार. नानांबरोबर पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईच्या नावावर एखादी तरी तारण ठेवलेली बांगडी निघणारच.

"उणे एक," बोरसे म्हणाला, आणि स्वतःच हसला. "काकूंचं पण उणे एक! आता कोठावदे सर काकूंच्या पाया पडतील. थांबा, फोन करतो."

तो फोन करत होता, आणि मी आईच्या खुर्चीमागे उभी होते. तिच्या मानेवरच्या पांढऱ्या केसांकडे पाहत होते. मला एक दिवस आठवला, जो मी तेरा वर्षं मुद्दाम नीट आठवला नव्हता.

पहिलं कर्ज माझ्या नावावर निघायचं नव्हतंच. ते आईच्या नावावर निघायचं होतं. बायकांसाठी काहीतरी योजना होती, व्याज कमी होतं. नाना कागद घेऊन आले, खुणा केलेल्या होत्या. आई म्हणाली, "आधी वाचून दाखवा." नाना म्हणाले, छापील असतं. आई म्हणाली, "छापील असलं तरी वाचून दाखवा." नानांनी आरडाओरडा केला, ताट बाजूला सारलं, तीन दिवस जेवले नाहीत. आई तीनही दिवस त्यांचं ताट वाढून झाकून ठेवत होती आणि एवढंच म्हणत होती की वाचून दाखवा, मग करते. नानांनी शेवटपर्यंत वाचून दाखवलं नाही.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, शाळेत नुकतीच कायम झाले होते. मला आईची लाज वाटली. सातवी शिकलेली बाई, नवऱ्यावर विश्वास नाही, धंदा कशाशी खातात ते ठाऊक नाही, आणि घरातल्या कर्त्या माणसाला मान खाली घालायला लावते. मी म्हणाले, "आईला काय कळतंय? आणा नाना, मी करते." आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "शलू, तू तरी वाच गं." मी वाचलं नाही. माझं बी.एड. झालं होतं. तिच्यासमोर वाचत बसले असते तर ती बरोबर ठरली असती.

आणि पुढे सगळं बुडालं, दारात वसुलीवाले आले, शाळेत हेडमास्तरांसमोर माझ्या नावाचा पुकारा झाला, तेव्हा मी नानांवर चिडले, हे खरंच. पण मनात कुठेतरी मी आईवर जास्त चिडले होते. हिने तेव्हा सही केली असती तर माझ्यावर ही वेळ आली नसती, असं मला वाटायचं. इतकं हलकट वाटायचं, आणि तेही तेरा वर्षं. तिचं औषधपाणी मी केलं, तिला अंघोळ घातली, पण कधी हसून घातली नाही. कोठावदे सरांना मी दोन दिवस मनातल्या मनात शिव्या घालत होते. त्यांनी निदान उणे एकाचा अर्थ तरी ऐकून घेतला होता. माझ्या घरात तो आकडा पंचेचाळीस वर्षं चुलीपाशी उभा होता आणि मी तो बिनडोकपणा समजत होते.

"झालं, ताई!" बोरसे म्हणाला. "सर म्हणाले, काय घराणं आहे! मी नाव बदलून घेतो, पंधरा मिनिटं द्या."

पंधरा मिनिटांनी त्याने लॅपटॉप आईसमोर धरला. "काकू, अंगठा."

"वाच," आई मला म्हणाली.

मी खाली बसले आणि वाचायला लागले. सतरा कलमं होती. बोरसेने दोनदा घड्याळ पाहिलं, मी थांबले नाही. आई डोळे मिटून ऐकत होती. बाराव्या कलमाला तिने हात वर केला.

"घर सोडताना रंग आम्ही द्यायचा? आता राहायला जाताना दिलाय का त्यांनी?"

"नाही, काकू."

"मग आम्ही का द्यायचा?"

बोरसेने कर्डिल्यांना फोन लावला. कर्डिले हसले म्हणे, आणि काढा म्हणाले. बोरसेने कलम काढलं. मी उरलेली पाच वाचली. मग आईने उजवा अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्राने तो घेतला नाही. भांडी घासून घासून तिच्या अंगठ्यावरच्या रेषाच गेल्या होत्या.

"कपाळावर घासा, काकू. तेलकट झाला की उमटतो."

तिने घासला. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी मी तिचा अंगठा माझ्या हाताने दाबून धरला, आणि यंत्रावर हिरवा दिवा लागला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. आई म्हणाली, "रडतेस काय? मी वाचून केलीय."

"आता सोसायटीचं हमीपत्र तेवढं राहिलं," बोरसेने एक छापील कागद काढला. "घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाने वेगळं सही करायचं. नियम पाळीन, काही थकलं तर मी स्वतः जबाबदार राहीन, असं. कोणाकोणाची नावं टाकू, काकू?"

"शलाकाचं टाका."

तेवढ्यात दार उघडून नाना आत आले. तोंडात पान होतं, डोकं शांत झालेलं दिसत होतं. त्यांनी आईची खुर्ची पाहिली, लॅपटॉप पाहिला.

"झालं का? मी म्हणतच होतो, काहीतरी मार्ग निघेल."

"आणि बाबांचं?" बोरसेने आईला विचारलं. "टाकू ना?"

आईने नानांकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला कळलं असतं. भाजी घेताना पाहतात तसं पाहिलं.

"त्यांना विचारा," ती म्हणाली. "सही करणार असतील तर टाका."

नाना हसले. मग कोणीच हसत नाही हे पाहून थांबले. "म्हणजे? मी नाही केली तर?"

"तर हे घर आहेच की. भाडं तेवढं तुमचं तुम्ही भरा."

बोरसेने हमीपत्र टेबलावर सरकवलं. सहीच्या जागी पेन्सिलने फुली केलेली होती. नानांनी खिसे चाचपले. मी माझं पेन पुढे केलं, टोपण काढून, ज्या तऱ्हेने ते मला द्यायचे तसंच.

नानांनी पेन घेतलं. कागदाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"आधी वाचून बघू का जरा?"

"बघा ना," आई म्हणाली. "आम्ही थांबतो."

आम्ही थांबलो. एकच पान होतं. त्यांनी ते अर्धा तास वाचलं, आणि मग सही केली.